चव परत आली तो शनिवार

फोन आला तेव्हा गिरणी चालू होती. पट्ट्याच्या आवाजात दाजींचं बोलणं मला ऐकूच येईना. मी "काय? काय?" करत राहिले आणि एरवी हळू बोलणाऱ्या त्या माणसाला ओरडून सांगावं लागलं, की शकू गेली. एका बाईचं ज्वारीचं दळण अर्ध्यावर होतं. ते पुरं करून, पीठ तिच्या डब्यात भरून मगच मी बटण बंद केलं आणि पेडगावला निघाले. लोकांना हे कोरडं वाटेल. शकूला वाटलं नसतं. अर्धं काम सोडून आले असते, तर ती त्यावरूनही मला बोलली असती.

शकुंतला माझी पाथरीच्या शाळेतली मैत्रीण. लग्न होऊन ती पेडगावला शेतकऱ्याच्या घरात गेली आणि मी परभणीत आले, पुढं पिठाची गिरणी टाकली. तिच्या यजमानांना मी पहिल्यापासून दाजी म्हणते. शकूला एका जागी बसणं माहीत नव्हतं. माझ्याकडे आली, की चप्पल काढायच्या आधी चुलीवरच्या पातेल्यात डोकवायची. आमटी पातळ, भाकरी जाड, वांग्यात कूट कमी... इतक्या वर्षांत माझा एकही पदार्थ तिच्या तावडीतून सुटला नाही. नवरा म्हणायचा, "तू तिला जेवायला बोलावतीस का परीक्षेला?" मी रागवायचे आणि पुढच्या वेळी कूट जास्त घालायचे.

आजार निघाल्यावर इंजेक्शनं सुरू झाली आणि तिच्या तोंडाची चव गेली. "लोखंड चघळल्यावानी लागायलंय सगळं," असं म्हणून ती ताट सरकवायची. वजन उतरत होतं. डॉक्टरांनी सांगितलं, खाईल ते द्या. दाजींनी खिचडी, उकड, शिरा सगळं करून पाहिलं. शेवटी तिनंच एक नाव घेतलं, म्हणजे नाव नव्हतंच त्याला. लेकीच्या, रेणुकाच्या बाळंतपणाला ती दुबईला गेली होती. तिथं डब्यातला टूना मासा आणि चीज पावाच्या दोन तुकड्यांत घालून, चीज वितळेपर्यंत भाजून रेणुका तिला द्यायची. शकू त्याला "रेणुकाचं ते" म्हणायची. येताना तिनं माशाचे डबे आणले होते, ते तसेच फळीवर पडून होते. "मंगल, ते करून बघ गं. त्याला तरी चव लागल," असं ती म्हणाली, आणि मला काम मिळालं. नुसतं उशाशी बसून राहणं मला जमत नाही.

मासा म्हटल्यावर मी काय केलं असेल? गोदावरीचा मासा घरी आला की जे करतो, तेच. अंगणातल्या चुलीपाशी डबा उघडला, वास आला म्हणून हळद-मीठ चोळलं आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत मासा धुतला. हातात चोथा राहिला. तो चिजाबरोबर पावात घालून भाजला आणि शकूला दिला. तिनं दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "चांगलं झालंय."

शकू आणि चांगलं?

रात्री रेणुकाचा फोन आला, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. "मावशी, तुम्ही धुतला? अहो, तो शिजवलेलाच असतो. सगळी चव नालीत गेली." मग ती इतकी हसली, की तिचं तिलाच रडू आलं.

त्यानंतर दर रविवारी मी पेडगावला जाऊ लागले. डब्यातलं तेल फेकायचं नाही, हे कळलं. त्याच तेलात ठेचलेला लसूण परतायचा. पाकिटातल्या मेयोनीजपेक्षा घरच्या दह्याचा चक्का बरा, त्यात बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू. तरीही पाणी सुटून पाव ओला व्हायचा. मग एकदा चमचाभर येसर घातला. आमटीला दाटपणा यावा म्हणून आपण भाजलेल्या धान्या-मसाल्याचं जे पीठ करून ठेवतो, तेच. त्यानं सगळं धरून ठेवलं आणि भाजल्यावर वासही छान सुटला. जाळावर पाव करपतो आणि चीज आत थंडच राहतं, म्हणून जाळ ओढून निखाऱ्यावर तवा ठेवायचा, पावाला बाहेरून लोणी लावायचं, वर झाकण. तिला चव लागावी म्हणून दर खेपेला मी थोडं मीठही वाढवत होते. दाजी खाऊन मान डोलवायचे. शकू म्हणायची, "चांगलं झालंय," आणि भिंतीकडं तोंड करायची. घरी येताना जीपमध्ये मी सगळं पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. काय राहिलं? अजून काय घालावं?

मग एका सकाळी तिचा फोन आला.

"मंगे, चहा गोड लागायलाय."

"काय?"

"चहा. गोड. ये लवकर. उद्या दवाखान्यात जायचंय. परवा सुई टोचली, की पुन्हा लोखंड."

गिरणीला कुलूप लावून निघाले आणि वाटेत ध्यानात आलं, आज शनिवार. त्या घराचं दैवत पोखर्णीचा नरसिंह. शनिवारी तिथं कांदासुद्धा चिरत नाहीत, मग मासा कुठला. मी पोचले तेव्हा दाजी स्वच्छ सदरा घालून, नारळाची पिशवी घेऊन दारात उभे होते. ती आजारी पडल्यापासून त्यांनी पोखर्णीचा एक शनिवार चुकवला नव्हता. शकू आतून म्हणाली, "राहू द्या. पिठलं कर, मंगे." तिच्या आवाजात हट्ट नव्हता, तेच वाईट वाटलं.

दाजी पायरीवर थांबले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"चूल मी पेटवून ठेवलीया," ते म्हणाले. "तुमी करा. मी जाऊन सांगतो."

"कोणाला?"

"ज्याला सांगायचं त्याला. लय वर्षांची वळख हाय आमची."

आणि मागं न बघता ते गेले.

मी केलं. ती अंगणात खाट टाकून बसली होती आणि तव्याकडं टक लावून बघत होती. पहिला घास तोंडात घोळवला. डोळे मिटले, उघडले, माझ्याकडं रोखून बघितलं.

"मीठ किती घातलंस गं? मिठागर लुटून आलीस काय?"

मी तव्यावरचं झाकण उगाच उचलून परत ठेवलं.

"आन् लसूण करपलाय. तुला इतक्या वर्षात जाळ कळला न्हाई, मंगे." असं म्हणत म्हणत तिनं सगळं खाल्लं. बोटं चाटली. पाणी मागितलं, कारण खारट झालं होतं... खरंच फार खारट झालं होतं, मी नंतर तव्यावरचा तुकडा खाऊन पाहिला. त्या दुपारी आम्ही भांडलो, येसर कुणाचा चांगला यावरून. दाजी परत आले तेव्हा तिनं त्यांना माझी तक्रार सांगितली. त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली आणि तोंड धुवायला मागं गेले. बराच वेळ आले नाहीत.

सोमवारनंतर चव गेली ती गेलीच. पुढं मी काहीही नेलं, तरी तिला ते चांगलंच वाटलं.

तिला जाऊन आता काही आठवडे झाले. दहाव्या-तेराव्याचे दिवस झाल्यावर दाजींनी अंगणातल्या चुलीवरचा तो मासे-मटणाचा तवा मला देऊन टाकला. तो आमच्या गच्चीवर आहे. मला बसवत नाही, म्हणून रविवारी चढून जाते, निखारे करते, शेजारच्या किराणावाल्यानं मागवून दिलेला डबा उघडते. घरात सगळे खातात, आणखी मागतात. परवा मीठ अगदी बेताचं पडलं, लसूण सोनेरी झाला, चीज कडेपर्यंत वितळलं. मी एक घास खाल्ला, थांबले, दुसरा खाल्ला... मग तव्यावरचा तुकडाही खाऊन पाहिला, कुठं काही चुकलंय का म्हणून.