चौथ्या कडव्यासाठी सांगली

सांगलीतल्या एका पुस्तकवाल्यानं आपल्या गल्लीत तीन दिवसांचा ग्रंथोत्सव मांडलाय, आणि शनिवारी खुद्द 'वाटसरू'वाले कवी बोलणार आहेत, हे वर्तमानपत्रात वाचलं आणि मी माळ्यावरची ट्रंक काढली.

"या वयात कवितेपायी सांगली?" घरातून विचारणा झाली.

खरं कारण मी सांगितलं नाही. वडूजच्या शाळेत मास्तर असताना आमच्या एकुलत्या एक वाचनमालेचं पान फाटलेलं होतं. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी वाटसरू उन्हातून पाणवठ्यावर पोचतो, पुढं पान नाही. पोरं विचारायची, "गुर्जी, पानी मिळालं का त्याला?" शेवटी चौथं कडवं मीच रचलं आणि कवीच्या नावावर वीस वर्षं पाठ करून घेतलं. मरण्यापूर्वी खरं कडवं ऐकायचं होतं.

साताऱ्याहून मोटार सकाळी निघते. युद्ध संपलं तरी आमची गाडी अजून कोळशाच्या गॅसवरच. जाणाऱ्यांनी मागचा बाक टाळावा. भट्टी तिथंच असते, उतरेपर्यंत माणसाचं भरीत होतं. चढ आला की कंडक्टर ओरडतो, "पुरुष मंडळी खाली!" कराडला चहा बरा मिळतो, साखरेची पुडी मात्र घरून न्यावी.

आष्ट्याला एक मिशाळ गडी चढला आणि थेट माझे पाय धरले.

"आवं गुर्जी! वळखलं न्हाई व्हय? वडूजची शाळा, शेवटचा बाक! फौजेत हवालदार झालो. आता हितं आष्ट्यात ऊस हाय."

कुठं चाललो ते सांगताच तो उसळला. "त्ये वाटसरूवालं? मी बी येतो! लढाईत वाळवंटात हुतो, गुर्जी. पानी संपलं की त्ये चौथं कडवं म्हनायचो. लय धीर यायचा बगा."

माझ्याच घशाला कोरड पडली. सांगलीत उतरून भडंग घेतलं, ते सगळं हवालदाराच्याच हातात दिलं.

गल्लीत जाजम अंथरलेलं, टेबलांवर पुस्तकं. पुस्तकवाल्यानं पाहुण्यांची ओळख इतकी लांबवली, की पाहुण्यांनी समोरचा तांब्या रिकामा केला. मग कवी उठले. सडपातळ, मृदू आवाज. 'वाटसरू' म्हटली, तीन कडवी झाली, पुस्तक मिटलं.

हवालदार ताडकन उभा. "सायेब, चौथं ऱ्हायलं!" आणि कवायतीच्या आवाजात सुरू:

ओंजळ भरली, तहान शमली,
वाट पुन्हा ती सोपी झाली;
'सुखी असा हो' म्हणे प्रवासी,
घागर गाली मंद हासली.

टाळ्या पडल्या. कवी गोंधळून पानं चाळू लागले. नवी आवृत्ती या पुस्तकवाल्यानंच काढलेली.

"काय हो, कागदटंचाईत माझं कडवं खाल्लंत?"

"मी कशाला खाऊ? हा आमचा कंपोझिटर, अक्षरं यानं जुळवली!" त्यानं खुर्च्या मांडणाऱ्या म्हाताऱ्याकडं बोट केलं. बिचाऱ्यानं हात जोडले. "आलं तेवढंच जुळवलं, साहेब."

आता बसून राहणं शक्य नव्हतं. मी उठलो आणि भर गल्लीत सगळं सांगून टाकलं. हवालदाराकडं बघायचा धीर झाला नाही.

कवी खो खो हसले. "मास्तर, मी तीनच कडवी लिहिली होती! टाळ्या ऐकून मलाच वाटलं, चौथंही असेल. पुढच्या पानावर उंटाचा धडा होता."

"पण पोरं विचारायची..."

"घरी मलाही विचारायची. मी विषय बदलायचो." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "मात्र घागरीला गाल कुठून आणलेत?"

"मुलांना चालले, साहेब."

परतीला आष्ट्यापर्यंत हवालदार बरोबर होता. उतरल्यावर मोटारीच्या खिडकीशी आला.

"मंग गुर्जी, तितं वाळवंटात मी तुमचंच पानी प्यालो म्हना की." आणि त्यानं खाडकन सलाम ठोकला. मोटार सुटली तरी हात खाली आला नव्हता.

घरी आल्यावर हिनं मी उत्सवातून आणलेलं कवींचं पुस्तक उघडलं. 'वाटसरू'खाली कवींनी चौथं कडवं मला विचारून स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, आणि सही मला करायला लावलीय.

"अहो, हे तर तुम्ही आंघोळ करताना म्हणता तेच! त्यासाठी सांगलीपर्यंत?"

तिनं पुन्हा एकदा कडवं वाचलं, घागरीच्या गालांपाशी थोडी थांबली, आणि आत जाऊन माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली.