अकीकवाली जुबेदा

जुबेदा सिद्दी भरूचकडच्या रतनपूरची. लग्न होऊन धुळ्याला आली आणि माहेरचे अकीक दगडाचे मणी ओवून आठवडी बाजारांत माळा विकू लागली. तिचे दाट कुरळे केस आणि काळाभोर रंग पाहून लोक विचारत, "तू कोणत्या देशाची?" ती म्हणे, "याच देशाची, भाऊ. बोहनी करा."

यंदा मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाईलवर फिरत होती. शिंदखेड्याच्या बाजारात कुणीतरी तिचा फोटो काढला. जरा वेळाने गिऱ्हाईक येईनासं झालं. पानटपरीपाशी माणसं जमली. सगळे फोनकडे बघत, मग तिच्याकडे. मणी निरखणाऱ्या एका पोरीला तिच्या आईने ओढून नेलं, तेव्हा जुबेदाला कळलं, अफवेसोबत तिचाच फोटो फिरतोय. पळावं तर चोर ठरवून मारतील. बसावं तर वेढा आवळत चाललेला.

एकाने तिची ओढणी खेचली. "आधार दाखव."

तिने कार्ड काढलं, पण ओढाताणीत ते मातीत पडलं.

"नकली शे," मागून कुणी म्हणालं.

शेजारी बांगड्या विकणाऱ्या शेवंताबाई उठल्या आणि तिच्या पुढ्यात ठाण मांडून बसल्या. "हाई मनी बहीण शे. बठ्ठा बजार इले वळखस. कोना पोर चोरी गया, त्यानं नाव सांग."

पळवलेल्या पोराचं नाव कुणाकडेच नव्हतं. तरी घोळका हलला नाही. पोलिसांची गाडी आली तेव्हाच पांगला.

अंगावर ओरखडाही नव्हता. म्हणून घरी नवरा इस्माईल म्हणाला, "वाचलीस ना? विसर आता."

पण फोन वाजला की तिचा श्वास अडके. ती केस घट्ट बांधून ओढणीत दडवू लागली, दूध आणायला जाणंही बंद झालं. शेवटी शेवंताबाईच तिला सरकारी दवाखान्यात आपल्या भाचीकडे, समुपदेशक ज्योतीकडे घेऊन गेल्या.

"मी वेडी झालेय का?" जुबेदाने विचारलं.

"नाही, ताई. तुमच्यावर संकट आलं होतं. शरीराला अजून ते समोरच वाटतंय." मग ज्योती म्हणाली, "माहेरचं सांगा ना."

जुबेदा आधी अडखळली. मग दादीने सांगितलेलं बोलू लागली: पूर्वज आफ्रिकेतून समुद्रापार आणलेले, कुणी गुलाम म्हणून विकलेले, कुणी फौजेत गेलेले, रतनपूरच्या बावा गोर पिराच्या दर्ग्यात ढोल वाजला की म्हाताऱ्याही नाचत. बोलता बोलता ती रडली. बाजारातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

घरी येऊन तिने सुरतेच्या भावाला, याकूबला, सगळं सांगितलं. त्याने सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "मी कारखाना सोडला तो याचसाठी. रोज 'हबशी' म्हणून हसायचे. झोप उडाली होती. कुणाला सांगणार?" तेव्हापासून दर गुरुवारी दोघं फोनवर बोलतात. हळूहळू रतनपूरच्या मावश्या, चुलतबहिणीही त्या बोलण्यात आल्या. प्रत्येकीकडे असं काहीतरी निघालं.

पावसाळ्यानंतर ती पुन्हा शिंदखेड्याला गेली. शेवंताबाईंना अगदी खेटून बसली. कुणी मोबाईल काढला की छातीत धडधडे. ज्योतीने शिकवल्याप्रमाणे ती सावकाश श्वास सोडी.

एका बाईने माळ हातात घेत विचारलं, "तुम्ही इकडच्या नाही वाटतं?"

जुबेदाने आधी रस्त्याकडे पाहिलं; घोळका नव्हता. मग दादीची ती गोष्ट सांगायला सुरुवात केली.