बाळारामभाऊंचे कर्णे

कुणाच्याही घरात शिरताना बाळारामभाऊ चपला काढायच्या आधी एक टाळी वाजवत. एकच, पण खणखणीत. मग मान तिरपी करून ती टाळी कुठे कुठे जाऊन आली ते ऐकत आणि मगच आत येत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, कुत्रं हाकलताहेत. "आमच्याकडे कुत्रा नाही हो," मी म्हटलं. "कुत्रा नाय वो बाई, तुमचा हॉल बगतोय," ते म्हणाले. "लय बोंबलतो. पडदं लावा जाड." बसायच्या आधी घराला नावं ठेवणारा पाहुणा मी तोवर पाहिला नव्हता.

अन्वी, निहार, मागे पाठवलेल्या फोटोत तुमच्या ह्या आजीच्या पाठीमागे दोन मोठी कपाटं दिसतात, त्यांना दारं का नाहीत, असं तुम्ही विचारलंत. ती कपाटं नाहीत. ते बाळारामभाऊंचे स्पीकर आहेत, आणि त्यांची गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही. शाळेत इंग्रजी शिकवण्यात जन्म गेल्यामुळे मला क्रमाने सांगायची खोड आहे. म्हणून आधी माणूस सांगते, मग स्पीकर.

भाऊ मूळचे मुरबाड तालुक्यातले, धसईजवळच्या एका लहान गावातले. घरी भातशेती होती, पण भाऊंचा जीव कर्ण्यात. लग्नाच्या मांडवाबाहेर उंच बांबूला बांधतात तो पत्र्याचा, धोतऱ्याच्या फुलासारखा कर्णा. त्यांच्या बाजूला तो भाड्याने देणारे पहिले तेच, असं ते सांगत. खरंखोटं मला माहीत नाही. नम्रपणा हा गुण त्यांच्यात नव्हता. "लग्नाची तारीख लोक भटजीच्या आदी मला इचारत," असं म्हणून मिशीवरून बोट फिरवत. "माजा कर्ना लागला का डोंगराच्या पल्याड कलायचा, इकडं लगीन हाय."

पुढे गाड्यांवर लादलेले डीजे आले आणि पत्र्याच्या कर्ण्याला कुणी विचारेना. त्याच सुमारास त्यांची बायको चांगुणा आजारी पडून गेली. मुलाला, संदीपला, शहापूरजवळच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा भाऊ मुला-सुनेबरोबर आमच्या शेजारच्या घरात राहायला आले. सामानाच्या टेम्पोतून आधी उतरले ते दोन जुने कर्णे, मग भांडी.

चांगुणाबाईंना मी पाहिलं नाही. त्या धवळे म्हणत. तिकडच्या लग्नांत हळद लावताना, पाणी घालताना, नवरी निघताना बायका जी लांबलचक गाणी म्हणतात, ते धवळे. ती सांगणारी एक जाणती बाई असते. ती ओळ टाकते आणि बाकीच्या उचलतात. आसपासच्या गावांतून चांगुणाबाईंना बोलावणं येई. म्हणजे एकाच मांडवात आत बायको गायची आणि बाहेर नवऱ्याचा कर्णा वाजायचा. यात काही अडचण असेल, असं भाऊंच्या कधी मनात आलं नव्हतं.

त्यांच्याकडे चांगुणाबाईंची एकच आठवण होती, एक कॅसेट. तीसुद्धा बायकोसाठी भरलेली नव्हती. पुतणीच्या हळदीला त्यांनी नवा कर्णा बांधला होता, आणि तो कसा वाजतो ते चार गावांत ऐकवता यावं म्हणून सेलवर चालणारा टेप ओट्यावर ठेवला होता. कार्यक्रम रंगात आला आणि गावाची वीज गेली. कर्णा गप्प झाला, टेप मात्र चालू राहिला. त्या शांततेत आतून धवळा ऐकू येतो, पुढे चांगुणाबाईंचा आवाज, मागे बायका. थोड्या वेळाने वीज येते, कर्णा परत लागतो, आणि त्याखाली बायकोचा आवाज बुडून जातो.

त्या कर्ण्याखाली धवळा पुढे चालू असणार, अशी भाऊंची खात्री होती. "आवाज कुटं जात नाय बाई. दुसऱ्याच्या खाली दडतो," ते म्हणत. "चांगला कर्ना आसला तर दोगं येगलं करता येतात." तो धवळा एकदा शेवटपर्यंत ऐकायचा, एवढंच त्यांना उरलेल्या आयुष्यात करायचं होतं. त्यासाठी हे स्पीकर.

दुकानातले स्पीकर त्यांना पटत नसत. "डब्यात तोंड घालून बोलल्यावानी," म्हणत. पत्र्याचा कर्णा घरात किंचाळतो, म्हणून त्यांनी एका सुताराला हाताशी धरून लाकडाचे केले. खालच्या पेटीत प्लायवूडचा बोळ आहे, वळणं घेत रुंद होत जाणारा. जाड आवाज त्यातून फिरून बाहेर येतो. वर पातळ पट्ट्या वाकवून केलेला कर्णा, सुपाएवढ्या तोंडाचा. त्यातून माणसाचा आवाज येतो. झाले तेव्हा ते भाऊंच्या खांद्याला लागत. संदीपची बायको रेखा म्हणाली, "बाबा, आता पावना आला तर ह्याच्यात बसवायचा का?"

खरी लढाई ठेवण्यावरून झाली. असले स्पीकर कोपऱ्यात लागतात. दोन्ही बाजूंच्या भिंती कर्ण्याच्या तोंडाला जोडल्यासारख्या होतात आणि आवाज भरतो. "आवाज पान्यासारका हाय, कोपरा गावला का साचतो," हे भाऊंचं वचन. एक कोपरा मिळाला. दुसऱ्यात देव्हारा होता. रेखाने सांगून टाकलं, "देव हलनार नाय." भाऊ कुणाचं न ऐकणारे, पण देवापुढे तेही थबकले. शेवटी म्हणाले, "तू नको सांगू, मी नको सांगू. देवालाच इचारू."

आणि खरंच त्यांनी कौल लावला. देवाच्या टाकावर दोन्ही बाजूंना पाण्याने फुलं चिकटवली, उजवं पडलं तर देव हलायला राजी. आम्ही शेजारीपाजारी हात जोडून उभे. उजवं फूल पडलं. भाऊ उड्या मारायचे बाकी राहिले. "उजवा दिला! बगितलास गो, उजवा दिला!"

"बाबा," रेखा म्हणाली, "पंखा चालू हाय."

सगळे वर बघायला लागले. भाऊंनी शांतपणे पंखा बंद केला, फुलं पुन्हा लावली, आणि ती दोन्ही संध्याकाळपर्यंत जागची हलली नाहीत. पुढचे कित्येक दिवस एक स्पीकर कोपऱ्यात आणि दुसरा दारामागे, असा संसार चालला. दार उघडलं की चांगुणाबाईंचा आवाज उजवीकडून डावीकडे पळे. अखेर रेखाच विरघळली. "आईचा आवाज नीट येत आसंल तर घ्या," म्हणाली आणि स्वतःच्या हाताने देव उचलून समोरच्या भिंतीला नेले. सासूला तिनेही कधी पाहिलं नव्हतं.

मग ते स्पीकर रोज बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकत. खुर्ची ठरलेली होती. तिच्यावर बसून दोन्ही कर्ण्यांची तोंडं आपल्याकडे वळलीत का ते भाऊ पाहत. वरचे कर्णे मात्र त्यांनी एकाएकी खाली घेतले. कारण विचारलं तर म्हणाले, "ती पाटावर बसून गायची. उबी राहून नाय." भिंतीवर गोधड्या लटकल्या, खिडकीत तांदळाची पोती उभी राहिली. दर बदलानंतर मला हाक येई, "बाई, या, ऐका." दर वेळी मला तेच ऐकू येई: गोड, थोडा खरखरीत आवाज, आणि मग कर्ण्याचा दणका. मी तसं म्हणे. ते म्हणत, "तुमचा कान इंग्रजी हाय."

पेट्यांच्या आत जी बोलणारी युनिटं होती ती जुनी, लग्नाच्या कर्ण्यांतून काढलेली. ती बदलायला हवीत, हे भाऊंच्या मनाने घेतलं. तुमच्या बाबांना मी फोनवर सहज सांगितलं, आणि पुढच्या खेपेला येताना माझ्या लेकाने तुमच्या तिकडून चांगली जोडी आणली. कपड्यांत गुंडाळून आणली होती. तुमच्या स्वेटरमधून ती बाहेर काढताना भाऊंनी तिला नवजात पोरासारखं धरलं होतं.

दुपारी ती बसवली. रेखाने चहा ठेवला होता, तुमचे बाबा जमिनीवर बसले होते, मी दाराशी. कॅसेट लागली. कर्णा दणाणला, वीज गेली, शांतता झाली. आता इथे, धवळा सुरू व्हायच्या आधी, पूर्वी नुसतं पुटपुटणं ऐकू येई. आम्हाला वाटे, कुणी पोराला हाक मारतंय. त्या दिवशी ते स्वच्छ ऐकू आलं. चांगुणाबाई शेजारणीला म्हणत होत्या,

"गेली गो वीज. बरा झाला. धवळा गावा आता."

आणि बायका हसत होत्या.

भाऊंनी कॅसेट मागे नेली, परत ऐकली. मग पुढचा धवळा झाला, वीज आली, नवा कर्णा पूर्वीपेक्षाही स्वच्छ वाजायला लागला, आणि त्याखाली दडलेला आवाज शोधायला भाऊ पुढे झुकले नाहीत. खुर्चीत तसेच मागे टेकून राहिले. मग म्हणाले, "तिला कर्ना आवडतो आसा मी समजून होतो." तुमच्या बाबांनी काहीतरी समजूत घालायचा प्रयत्न केला. भाऊ म्हणाले, "आवडत नाय आसा बोलली नाय कदी. पन बोलली आसती तरी मला काय ऐकू आला आसता? मी बांबूखाली उबा."

दुसऱ्या आठवड्यात ते संदीपला घेऊन धसईला गेले आणि द्वारकाबाईंना घेऊन आले. चांगुणाबाईंच्या शेजारी बसून गायच्या त्या ह्याच. कॅसेटवर हसणाऱ्यांत त्याही होत्या. वाकलेल्या, पण डोळ्यांत मिश्कीलपणा. स्पीकर बघून म्हणाल्या, "बाळाराम, मेल्या, म्हातारा झालास तरी भोंगं सोडलं नाय!" भाऊंनी त्यांना खुर्ची दिली, त्या जमिनीवरच बसल्या.

कॅसेट लावल्यावर त्यांनी आधी तोंडाला पदर लावला. मग चांगुणाबाईंनी ओळ टाकली आणि द्वारकाबाईंनी ती उचलली. अगदी सहज, जणू मधली वर्षं गेलीच नव्हती. भिंतीतून एक बाई गात होती आणि जमिनीवरून दुसरी तिला साथ देत होती. मांडवाला गाऊन झालं, देवाला गाऊन झालं, आईबापाचं नाव आलं, मामाचं आलं. भाऊ एकदा त्यांच्याकडे बघत, एकदा स्पीकरकडे. मग वीज आली. कर्णा लागला आणि द्वारकाबाई थांबल्या. शब्दाच्या मध्यावर.

भाऊंनी घाईने कॅसेट बंद केली. "थांबलीस का गो? गा. मी बंद केला."

"तुजा कर्ना लागला का आमी थांबायचो," त्या म्हणाल्या. "वरडून वरडून गला बसायचा. मंग गप बसून हळद लावायचो."

"म्हंजे तवा पन ती पुडं गायलीच नाय?"

"कुटलं गातो आमी?"

भाऊ खाली, त्यांच्यासमोर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणाची विनवणी करताना पाहिलं नव्हतं. "आता गा द्वारके. पुडचा गा. कोन नाय, कर्ना नाय."

द्वारकाबाईंनी डोळे मिटले. ओठ हलले. मागची ओळ पुन्हा म्हणून बघितली, पुन्हा तिथेच आल्या. मांडीवर ठेका धरला, सोडून दिला. "नवरी उंबऱ्यावरून मागं बगते, आयशीला काय तरी बोलते," त्या म्हणाल्या. "काय बोलते ते चांगुणाला येत व्हता. आमी तितवर कदी पोचलोच नाय रे. दर लग्नात तुजा कर्ना पैला पोचायचा."

हे त्या टोमण्याने म्हणाल्या नाहीत. उठताना भाऊंच्या डोक्यावरून हात फिरवला आणि रेखाकडे पान मागितलं.

त्यानंतर भाऊंनी स्पीकर सरकवले नाहीत. संदीपने कल्याणला लहान फ्लॅट घेतला तेव्हा ते तिथे मावणारच नव्हते. भाऊ मला म्हणाले, "तुमचा हॉल मोठा हाय. बोंबलतो, पन मी बगतो त्याच्याकडं." दोन दिवस खपून त्यांनी ते इथे लावले. टाळी वाजवली, जाड पडदे लावून घेतले, पुस्तकांचं कपाट मधल्या भिंतीला आणलं, पुन्हा टाळी वाजवली आणि मान हलवली. कॅसेटही माझ्या हातात दिली. मी विचारलं, ही कशाला? "तिथं माज्या हातात राहिली का मी ऐकनार," ते म्हणाले, "आनि मला आता त्यात माजाच कर्ना ऐकू येतो."

कल्याणला ते फार दिवस राहिले नाहीत. तिथल्या खोल्या त्यांना आवडत नसत. रेखा सांगायची, आल्यावर एकदाच टाळी वाजवली, मग परत कधी नाही. पावसाळ्याच्या अखेरीस झोपेतच गेले. धसईच्या बाजूला नेलं. मी गुडघ्यांमुळे जाऊ शकले नाही. द्वारकाबाई त्याआधीच गेल्या होत्या. ती नवरी उंबऱ्यावर वळून आईला काय म्हणते, हे आता त्या गावात कुणाला सांगता येईल, असं मला वाटत नाही. संदीपने चौकशी केली. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, हो, होतं असं काहीतरी.

तुमचे आवाजी निरोप मी फोनवर ऐकत नाही. ते ह्या स्पीकरवर लावते. बाळारामभाऊंनी ठरवलेल्या जागी खुर्ची ठेवून बसते. त्यामुळे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा मला बरंच ऐकू येतं. नळ, मांजर, तुमची आई पलीकडून "आटप लवकर" म्हणते ते. अन्वी, तू शाळेत शिकलेलं गाणं पाठवलंस ते मध्येच तुटलं आहे. कुणीतरी मिक्सर लावला आणि तू हसून "बाकीचं नंतर" म्हणालीस. पुन्हा पाठव, बाळा. मिक्सर बंद करायला सांग, आणि नाही केला तरी थांबू नकोस. शेवटच्या ओळीपर्यंत गा.