आत्यानं पुण्याहून आणलेली बरणी

माझं पोट दिसायला लागलं तेव्हा माझा नवरा पलटणीत होता.

आदल्या दिवाळीनंतर वर्षभर घरी आलाच नव्हता.

बास. गावाला एवढं पुरतं.

आज आत्याची तिथी. नातीला म्हटलं, मी बोलते, तू टाइप कर. आणि मधे मधे सुधारू नकोस.

आत्या म्हणजे माझी सख्खी आत्या, आणि सासूपण. माझे आईबाप लवकर गेले. तिनंच मला वाढवलं आणि पुढं आपल्या मुलाला करून घेतली. आमच्यात चालतं.

पन्नासचं दशक. पिंपळे गुरव तेव्हा खेडं होतं. आता आमच्या सोसायटीचं पार्किंग आहे तिथं बाजरीचं रान होतं. बाजरी निघाली की दरसाल धनगर तिथं मेंढ्या बसवायचे, रानाला खत म्हणून. तीच माणसं, तीच कुत्री. मी लहानपणापासून त्या कुत्र्यांच्या पिलांत लोळलेली.

धनगराचा थोरला मुलगा माझ्याच वयाचा. लहानपणचा सवंगडी. दिसला की दोन शब्द बोलायचे.

आत्यानं ते मनात धरलं.

पाळीचा ठिकाणा नव्हता, पोट वाढत होतं. ती काही बोलायची नाही. नुसती बघायची. मी आडावर गेले की मागं यायची. ताक मागितलं तरी बघायची. ज्या बाईनं मला न्हाऊ-माखू घातलं, तीच माझ्याकडं चोरासारखी बघत होती. फार लागलं हो ते. अजून लागतं.

एक दिवस म्हणाली, "कुणाचं हाय?"

मी म्हटलं, "काय कुणाचं?"

"येड पांघरून पेडगावला जाऊ नगंस."

मी रडले, शपथा घेतल्या. पोटात दुखतंय म्हटलं. शेवटी दुखण्यानं मी आडवीच झाले, तेव्हा बैलगाडीनं आणि पुढं रेल्वेनं तिनं मला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर वयस्कर होते. पोट दाबून, ठोकून बघितलं. एक्स-रे काढला. मग म्हणाले, "बाळ नाही. गाठ आहे."

आत्या माझ्या कानाशी कुजबुजली, "झाकतोय त्यो. तू काय सांगितलंस त्याला?"

घ्या! डॉक्टरवरपण वहीम.

डॉक्टर म्हणाले, "अंडाशयाची गाठ वाटतेय. पण माझं मन घेत नाही. पोटातल्या काही गाठी सोंगं घेतात, बाई. तुमच्याकडं मेंढ्या आहेत? कुत्री? रानात कोण धनगर वगैरे येऊन बसतात?"

झालं. धनगर म्हटल्याबरोबर आत्याचा चेहरा उतरला. तिला वाटलं, गावातलं कुणीतरी इथपर्यंत येऊन सांगून गेलं.

"न्हाई," ती म्हणाली. "आमच्याकडं कुणी येत न्हाई. मेंढ्या न्हाईत, कुत्री न्हाईत."

सासूसमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, अशी रीत. आणि मला तरी काय ठाऊक, पोटाचा आणि कुत्र्याचा काय संबंध!

डॉक्टरांनी मान हलवली. नर्सला म्हणाले, सुई आणा, पाणी काढून बघू.

सुई बघितली तशी आत्या आडवी आली. "काय टोचताय? मला सांगितल्याबिगर हात लावायचा न्हाई."

नर्स, शिकाऊ डॉक्टर चिडले. म्हातारे डॉक्टर नाही चिडले. म्हणाले, "कुत्र्याच्या विष्ठेतून एका किड्याची अंडी माणसाच्या पोटात जातात. वर्षानुवर्षं पाण्याची पिशवी वाढत राहते. तसं असतं तर मी सुई लावलीच नसती. ती फुटली तर पोर इथंच जाते. पण तुमच्याकडं कुत्री नाहीत म्हणालात ना."

आत्यानं सुईकडं बघितलं.

खरं बोलावं तर घराण्याची अब्रू जाते, असं तिला वाटत होतं. आणि समोर मी.

नर्सनं माझं लुगडं बाजूला केलं.

"थांबा!" आत्या ओरडली. "धनगर बसत्यात आमच्या रानात. दरसाल. कुत्री बी हायती. ही पोर त्यांच्याच ताटलीत जेवायची ल्हानपणी. म्या खोटं बोलले."

डॉक्टरांनी सुई ट्रेमधे ठेवली.

मग हातावर काहीतरी टोचून बघितलं, तिथं मोठी गांधी उठली, म्हणजे तोच किडा. ऑपरेशन झालं. शहाळ्याएवढी पिशवी निघाली, आत पुन्हा बारक्या बारक्या पिशव्या, द्राक्षांसारख्या. माझी पिशवी, बाळाची, शाबूत राहिली. पुढं मला मुलं झाली. त्यातल्याच एकाची पोर हे टाइप करतेय.

पण आत्याचा वहीम असा थोडाच जातो! म्हणाली, "दावा मला." बघितलं. मग ती पिशवीच मागायला लागली.

डॉक्टर म्हणाले, "विद्यार्थ्यांना दाखवायचीय."

"मला गावाला दावायचीय."

शेवटी डॉक्टर हसले. औषधाच्या पाण्यात एक तुकडा, घट्ट झाकणाची बरणी.

गावात तोवर बातमी फिरलेलीच. पुण्याला जाऊन पाडून आली म्हणे.

आत्यानं बरणी ओट्यावर ठेवली आणि स्वतः शेजारी बसली. येईल त्या बाईला म्हणायची, "बघ. नाकडोळं शोध."

एक शेजारीण म्हणाली, "बाटलीतलं काय, कुणाचं बी असंल."

मी आत चुलीपाशी पडले होते. मला वाटलं आता आत्या शिव्या देणार.

ती हळूच म्हणाली, "माझा बी वहीम हुता गं. माझ्या भावाची लेक, आन् म्या तिच्यावर वहीम घेतला. वहिमापायी खोटं बोलले, पोर मेली असती माझी."

मग रडली. मी तिला रडताना तेवढंच ऐकलं.

माझ्यासमोर ती त्यातलं एक अक्षर कधी बोलली नाही. मीही तिला कधी सांगितलं नाही, की मी ऐकलंय.

आत्या, मी जागी होते गं.

नमस्कार करते.