हळदीची पानं

पहिला घास घेतला की ते उजव्या हाताचं बोट वर करायचे. म्हणजे आता कोणी बोलायचं नाही. डोळे मिटून सावकाश चावायचे, मग बोट खाली यायचं. “जवळ आलं, वहिनी. पण ते नाही.”

मुलांनो, आपल्या मंगरूळपीरच्या घरासमोर राहणारे हे गृहस्थ तुम्हाला आठवत असतील. तुम्ही त्यांना पानवाले आजोबा म्हणायचात. जमिनीच्या मोजणीच्या नोकरीत बदली होऊन ते कोकणातून आले, आणि इथलेच झाले. लग्न केलं नाही. दर श्रावणात मात्र पातोळे करायचे.

आधी पातोळे म्हणजे काय ते सांगते. हळदीच्या हिरव्या पानावर तांदळाच्या पिठाचा पातळ थर द्यायचा, त्यावर खोबरं-गुळाचं सारण पसरायचं, पान दुमडायचं आणि वाफवायचं. त्यांची आई हे करायची. ते अगदी लहान असताना ती गेली. घरात तिचा फोटो नव्हता, चेहरा त्यांना आठवत नव्हता. आठवायची ती एवढी चव.

पानं रिठदहून भाजी विकायला येणारी बाई आणून द्यायची. तिच्या शेतात हळद होती. देताना ती दरवर्षी हसायची. “काका, या पानाले आमची ढोरं बी तोंड लावत नाहीत. अन् तुमी त्यात शिजवून राह्यले?”

“तुले काय करायचं? कवळी पानं आणत जाय,” ते म्हणायचे. तिच्याशी बोलताना त्यांची भाषा वऱ्हाडी व्हायची. पातोळ्यांविषयी बोलू लागले की परत कोकणात जायची.

नारळ इथल्या दुकानात देवापुढे फोडायला मिळतो, तोच, जुना आणि कोरडा. त्याच्यावर त्यांचा राग. एका वर्षी त्यांनी तांदूळ कोकणातून मागवला, एका वर्षी सारणात काकडी किसून घातली. मी शिस्तीची बाई. त्यांना म्हटलं, दरवेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे चूक सापडेल. त्यांनी तसंही केलं. ताटली घेऊन आमच्याकडे यायचे, बोट वर जायचं, बोट खाली यायचं.

मग ती तापाची साथ आली. ते बरे झाले, पण वास आणि चव गेली. सगळ्यांची परत आली, त्यांची आली नाही.

त्या श्रावणातही त्यांनी पातोळे केले. ताटली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “या वर्षी तुम्ही सांगा. तेच आहे का?”

मी त्यांच्या आईच्या हातचं कधी खाल्लं नव्हतं. काय सांगणार? जे कळत होतं तेवढं सांगितलं. पानाचा वास छान उतरलाय, पारी मऊ आहे, गूळ तळाशी जरा करपलाय.

ते एकदम ताठ बसले. “करपलाय? किती?”

“थोडासा. कडवट लागतोय.”

त्यांनी ताटली स्वतःकडे ओढली. “आईचा गूळ करपायचा, वहिनी. मला आठवतंय.” मग हळूच म्हणाले, “की तुम्ही आत्ता म्हणालात म्हणून आठवतंय?”

त्यांनी एक पातोळा सोलला आणि खाल्ला. बोट वर केलं नाही.

त्या हिवाळ्यात ते गेले.

तुम्ही तिकडे ओव्हनमध्ये आपले कणकेचे रोडगे भाजता, वांग्याच्या भाजीबरोबर ताटली फोनसमोर धरता आणि विचारता, आजी, तुझ्यासारखे झाले का? मला रंग तेवढा दिसतो. मी छान म्हणते, आणि फोन ठेवल्यावर मला पानवाले आजोबा आठवतात.

परवा रिठदची बाई सवयीने पानं घेऊन आली. समोरच्या दाराला कुलूप दिसलं तशी आमच्या ओट्यावर थबकली. “आता कोनाले देऊ?” म्हणाली. मी ठेवून घेतली.

दुपारी कढईत खोबरं-गूळ चढवला. परतणं थांबवलं. थोड्या वेळाने गूळ तळाला लागल्याचा वास आला. मी गॅसच्या बटणावर हात ठेवून उभी राहिले. किती करपू द्यायचा, हे विचारायला कोणी नव्हतं.