हाताला विचारून पाहा

गुजरातमधल्या डभोईत आमच्या शेजारी राहणारे ठाकोरसर म्हणजे शाळेतले निवृत्त ड्रिलमास्तर. रोज सकाळी महादेवाच्या पटांगणात ते गल्लीतल्या आम्हा सगळ्यांना आसनं शिकवत. क्रम ठरलेला, श्वास मोजलेला. कुणी घाईने आधीच वाकलं की त्याला पहिल्यापासून सुरुवात करायला लावत. मला तर रोज लावत.

यंदा दिवाळीनंतर त्यांचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. डॉक्टरांनी हलका व्यायाम सांगितला, तर सरांनी तीच आसनं दुप्पट जोराने सुरू केली. खांदा आणखी रुसला. संक्रांतीचं, पतंगांचं उत्तरायण तोंडावर आलेलं, आणि पतंगाशिवाय एकही उत्तरायण त्यांनी कधी घालवलं नव्हतं.

"यंदा दुसऱ्यांचे पतंग बघत उंधियू खायचा," ते म्हणाले. चेहरा असा पडलेला की मला थट्टा सुचेना.

त्यांच्या पत्नी भानुबेन यांचा योग वेगळाच. गुरूंनी शिकवल्याप्रमाणे त्या देवघरात डोळे मिटून बसत आणि अंगाला हवं तसं हलू देत. कधी डुलत, कधी मान गरगर फिरे, कधी सरळ आडव्या होत. सर म्हणत, याला योग नाही, अंगात येणं म्हणतात. भानुबेन हसून सोडून देत. यंदा मात्र त्यांनी ऐकवलंच.

"जन्मभर हाताला हुकूम सोडलेत. एकदा त्याला विचारा तरी, बाबा तुला काय हवंय."

दुसरा इलाज उरला नव्हता म्हणून सर बसू लागले. सुरुवातीला नुसते घोरले. मग एका सकाळी मी भांडं परत द्यायला गेले, तर भानुबेननी ओठांवर बोट ठेवलं. डोळे मिटलेल्या सरांचा उजवा हात हवेत हलके झटके देत होता. झटका, ढील, पुन्हा झटका, आणि हात कानाच्याही वर. तेवढ्यात सरांनी डोळे उघडले, हात बघितला आणि लगेच आकडे मोजत तो ताठ करायला घेतला. झालं, तिथंच अडकला. भानुबेननी कपाळावर हात मारून घेतला.

उत्तरायणाला शेजारी आमच्या गच्चीवर माझे यजमान पेच लावायला तयारच होते. मी फितूर होऊन सरांच्या गच्चीवर गेले, पतंग चढवला आणि दोरी त्यांच्या हाती दिली. सर खांद्याकडे बघत हुकूम सोडू लागले, तसा पतंग गोते खाऊ लागला.

"डोळे मिटा," फिरकी धरलेल्या भानुबेन म्हणाल्या.

"पतंग उडवताना?"

"दोरी कळते ना हाताला? मग मिटा."

सरांनी मिटले. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग खांदा सैल पडला, हात आपला आपण वर गेला, पतंग सावरला आणि थेट आमच्या पतंगावर जाऊन बसला. गच्च्यागच्च्यांवरून 'काप्यो'चा गजर झाला. नवऱ्याचा पतंग कटल्यावर नाचणारी मी गल्लीतली पहिलीच असेन, पण मला आनंद आवरेना.

"कापलात तुम्ही. आता उघडा डोळे," भानुबेन म्हणाल्या.

सरांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"थांब जरा," ते म्हणाले. "हाताचं अजून खेळून झालं नाही."