रविवारची हजेरी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. त्याचा ताठा होता, अजून आहे. पेडगावच्या शाळेत मास्तर झालो, तेव्हा सहीखाली बी.ए. लिहिल्याशिवाय मला चैन पडत नसे. त्याच सहीवर मी गावातल्या एका एकोणीस वर्षांच्या पोराचा जामीन झालो.

रझाकारांच्या काळात तो त्यांच्याशी लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात होता. संस्थान विलीन झालं, बाकीचे शेतावर परतले. याला मात्र स्वस्थ बसवेना. बाजारात एकाचं डोकं फोडलं. बापानं जामीन राहायला साफ नकार दिला. "राहू द्या तुरुंगात. तितं तरी येळेवर उठंल." अट अशी की वर्षभर दर रविवारी बाराच्या आत परभणीच्या ठाण्यात हजेरी. एक चुकली की थेट तुरुंग.

मी कशाला धोका पत्करू? सायकलवर मागं बसवून त्याला स्वतः नेऊ लागलो. ठाण्याच्या दारात सोडायचं, तिथूनच उचलून परत आणायचं. वाटेत कापसाच्या गाड्या भेटत. गाडीवान ओरडत, "गुरुजी, कैद्याला पानी तरी पाजा!" मी हसायचो. तो हसत नसे.

दिवाळीनंतर परभणीच्या जिनिंगात, सरकी काढायच्या कारखान्यात, माणसं घ्यायला लागले. हजेरी उरकून आम्ही तिथं गेलो. मुकादमानं त्याच्याकडं पाहिलंच नाही. मलाच म्हणाला, "ज्याच्यावर राखण लागती, त्याला कापसात कसा ठेवू?"

परतताना पोरगं पहिल्यांदा तोंड उघडून बोललं. "गुरुजी, पोलिसांनी मला एकदाच धरलं. तुमी दर रविवारी धरायलात."

लय राग आला. सही माझी, आणि वर हे ऐकायचं! तरी पुढच्या रविवारी सायकल त्याच्या हाती दिली.

बारा वाजले. एक वाजला. ताट झाकून ठेवलं. पळाला असेल तर? दोनला चपला घातल्या आणि परभणीच्या रस्त्याला लागलो. ओढ्यापाशी तो समोरून आला. मला पाहताच सायकलवरून उतरला.

"निघालातच न्हवं?"

"पोखर्णीला चाललोय. देवाला."

"पोखर्णी तिकडं राहिली, गुरुजी."

मी वाकून चपलेतला खडा काढू लागलो. तो म्हणाला, "हजेरी दिली. मंग जिनिंगात गेलतो. मुकादमानं इचारलं, संगं कोन हाय? म्हनलं, कोनी न्हाई. उद्यापासून ये म्हनला." सायकल माझ्या हाती देत म्हणाला, "तुमी इथवर आलतात, हे कुनाला सांगू नका."

तो परभणीतच राहू लागला. रविवारी मी शाळेत वह्या तपासत बसायचो, दर घटकेला उठून दारापर्यंत जायचो. एकही शिपाई माझ्याकडं चौकशीला आला नाही. तेवढ्यावरूनच ओळखायचं, पोरगं हजेरी देतंय.